ड्रॉइंगमधला अर्धा ग्रॅम : शिसेमुक्त तांब्याच्या एका नगाचे प्रकरण

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात घडलेले हे प्रकरण आहे. कारखाना पितळेचे कातीव सुटे भाग करतो. विजेच्या जोडण्यांच्या पिना, अर्थिंगचे क्लॅम्प, नळाच्या आतले स्पिंडल आणि गॅसच्या शेगडीची नोझले ही त्याची रोजची कामे. चार सीएनसी लेथ, सहा जुनी ट्रॉब मशीन आणि अठरा माणसे एवढा त्याचा पसारा. मालक तिसऱ्या पिढीचे बडोदेकर आहेत. सयाजीरावांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनात त्यांचे आजोबा शिकले. घर दांडिया बाजारात आहे. घरात मराठी आणि कारखान्यात गुजराती असा जुना रिवाज अजून चालू आहे. मी धातुशास्त्राचा माणूस. अशा कारखान्यांना कच्च्या मालाची तपासणी आणि प्रमाणपत्रे यांबाबत सल्ला देतो. ज्या विचारणेमुळे मला बोलावणे आले, तिच्यातला ग्राहक आणि हा कारखाना यांची नावे येथे दिलेली नाहीत, कारण प्रकरण समजण्यासाठी त्यांची गरज नाही.

युरोपातील एका व्यापाऱ्याकडून ई-मेल आली होती. ‘तांब्याचा कातीव भाग’ एवढेच नाव, दरमहा पन्नास हजार नगांची मागणी, नमुना पसंत पडल्यास वर्षाचा करार आणि सोबत एका पानाचे ड्रॉइंग. बाहेरचा व्यास ७.८२ मिलिमीटर, त्यावर उणे बाजूला फक्त शतांश मिलिमीटरची सूट. एक टोक निमुळते आणि त्याच टोकाला खोल भोक, दुसरे टोकही थोडे आत घेतलेले, मधल्या भागावर चार उथळ खाचा. धातूच्या रकान्यात ‘शिसेमुक्त तांबे-मिश्रधातू’ असे लिहिलेले आणि वजनाच्या रकान्यात ९.७२ ग्रॅम. नग कशासाठी वापरायचा याचा उल्लेख कोठेही नव्हता. यात वावगे काही नाही. आपला भाग कोठे बसतो हे सांगणारा ग्राहक या धंद्यात विरळाच.

मालकांच्या मुलाने, जो दोन वर्षांपूर्वी इंजिनिअर होऊन कारखान्यात आला आहे, हे काम उत्साहाने हाती घेतले. ‘आम्ही करू शकतो, आमचा सर्व माल आरओएचएस नियमांनुसार असतो’ असे उत्तर त्याने त्याच संध्याकाळी पाठवले (आरओएचएस हा विद्युत उपकरणांतील घातक पदार्थांवरचा युरोपीय नियम) आणि नंतर दर काढण्यासाठी ड्रॉइंगचे मॉडेल संगणकावर उभे केले. संगणकाने घनफळ १.०८७ घन सेंटिमीटर दाखवले. कारखान्यात जी पितळ येते तिची घनता ८.५ धरून त्याने वजन काढले, तर ते ९.२४ ग्रॅम भरले. ड्रॉइंगमधील आकड्यापेक्षा जवळजवळ अर्धा ग्रॅम कमी. त्याने मापे तीनदा तपासली आणि ग्राहकाच्या ड्रॉइंगमध्ये चूक आहे असा निष्कर्ष काढला. मालकांना तो पटला नाही. “ज्याला शतांश मिलिमीटर कळतो, त्याला वजन कळत नसेल काय?” असे म्हणून त्यांनी मला फोन केला.

आकडे काय सांगत होते

मी फक्त उलटा भागाकार केला. ९.७२ ला १.०८७ ने भागले की ८.९४ येतात, आणि ही जवळजवळ शुद्ध तांब्याची घनता आहे. म्हणजे ड्रॉइंग बरोबर होते. चूक होती ती ‘तांबे-मिश्रधातू’ म्हणजे आपली नेहमीची पितळ असे धरण्यात. येथपर्यंतचे काम दोन मिनिटांचे होते आणि तेथेच मी थांबलो असतो, तर हे प्रकरण लिहिण्याजोगे झाले नसते.

पण ९.७२ हा आकडा मला खटकत राहिला. वजन ठरवून दिलेल्या भागाला माणूस साधारणपणे साडेनऊ किंवा दहा ग्रॅम असा धड आकडा देतो. असा तुटका आकडा दिसला की तो दुसऱ्या कोठल्या तरी मापातला धड आकडा असण्याची शक्यता असते. व्यास ७.८२ मिलिमीटर म्हणजे ०.३०८ इंच. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, आणि अशा दीडशे ग्रेनचे बरोबर ९.७२ ग्रॅम होतात. ग्रेन हे माप आपल्याकडे जुन्या पिढीला औषधाच्या दुकानातून ठाऊक होते. ॲस्पिरिनची पाच ग्रेनची गोळी म्हणजे आजची सव्वातीनशे मिलिग्रॅमची. आज ते माप रोजच्या वापरात उरले आहे ते मुख्यतः एकाच धंद्यात, आणि त्या धंद्यातही ‘गोळी’ हाच शब्द आहे.

खात्री करून घ्यावी म्हणून मालकांनी कारेलीबागेत राहणाऱ्या आपल्या मामांना बोलावले. मामा भुसावळजवळच्या वरणगावच्या आयुध निर्माणीत नोकरी करून निवृत्त झाले आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि क्षणभर पाहून खाली ठेवला.

“याला पिन म्हणता तुम्ही? ही रायफलची गोळी आहे. शिकारीची, फौजेची नव्हे.”

“फौजेची नाही कशावरून, मामा?” मुलाने विचारले.

“नाकात भोक आहे बघ. फौजेच्या गोळीला असं भोक चालत नाही.”

मामांचे म्हणणे अचूक होते. शरीरात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत असे १८९९ च्या हेग जाहीरनाम्यात ठरले. त्यामुळे सैन्याच्या गोळीचे नाक पूर्ण आवरणाने झाकलेले असते. शिकारीत उलट स्थिती असते. तेथे गोळी पसरली नाही तर ती जनावरातून आरपार जाते आणि जखमी जनावर तासन्‌तास तडफडत राहते. म्हणून बहुतेक देशांत मोठ्या जनावरासाठी पसरणारीच गोळी वापरतात. नाकातले ते भोक पसरण्यासाठी असते. निमुळती शेपूट हवेचा अडथळा कमी करण्यासाठी असते, आणि खाचा का असतात ते पुढे येईल.

शिसे काढून तांबे का आणले

ही मागणी युरोपातून का यावी, हे समजण्यासाठी जुन्या गोळीकडे पाहावे लागते. शंभराहून अधिक वर्षे शिकारीच्या रायफलची गोळी म्हणजे आत शिशाचा गाभा आणि बाहेर तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ आवरण, अशीच होती. शिसे स्वस्त, जड आणि मऊ असते. घनता ११.३४ असल्यामुळे थोड्या जागेत भरपूर वजन बसते, आणि मऊपणामुळे जनावरावर आदळताच ते सहज पसरते. परंतु सेकंदाला सातशे-आठशे मीटर वेगाने हाडावर आदळणारे शिसे नुसते पसरत नाही, तर त्याचे तुकडेही उडतात. यांतले कित्येक तुकडे डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक असतात आणि जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत मांसात पसरतात.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा गोळ्यांनी मारलेल्या ३० हरणांची क्ष-किरण छायाचित्रे काढली गेली. प्रत्येक हरणात धातूचे तुकडे सापडले. कोठे १५, तर कोठे ४०९. मग ही ३० हरणे ३० वेगवेगळ्या खाटकांकडे नेहमीप्रमाणे साफ करायला दिली. परत आलेल्या खिम्याच्या २३४ पाकिटांपैकी ३२ टक्क्यांमध्ये धातूचा निदान एक कण होता आणि ३० पैकी २४ हरणांच्या खिम्यात तो पोहोचला होता. म्हणजे जखमेभोवतीचे मांस काढून टाकणाऱ्या सराईत हातालाही तो कण सापडत नव्हता. हेच मांस डुकरांना खाऊ घातल्यावर त्यांच्या रक्तातले शिसे वाढले, तेव्हा हा कण पोटातून तसाच बाहेर पडतो हा शिकाऱ्यांचा आवडता युक्तिवाद संपला. नॉर्थ डकोटा राज्यात ७३८ लोकांचे रक्त तपासले असता शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरला सरासरी ०.३० मायक्रोग्रॅमने अधिक आढळले. आकडा लहान वाटतो. पण लहान मुलांसाठी अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने लक्ष देण्याची मर्यादा २०२१ पासून ३.५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, आणि मुलांच्या मेंदूच्या दृष्टीने शिशाची कोणतीच पातळी निर्धोक मानली जात नाही. पारध करणाऱ्याच्या घरी खिमा महिन्यातून एकदा होत नाही, हंगामभर होतो.

दुसरे कारण पक्ष्यांचे आहे. शिकारी जनावर जंगलातच साफ करतो आणि आतडी-कोथळा तेथेच टाकतो. तो खाणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात शिशाचे कण जातात. कॅलिफोर्नियातील कॉन्डॉर हा प्रचंड गिधाडवर्गीय पक्षी १९८२ मध्ये अवघ्या २२ वर आला होता. पिंजऱ्यात वाढवून पुन्हा रानात सोडलेल्या कॉन्डॉरांनाही शिशाची विषबाधा होत राहिली, म्हणून त्या राज्याने आधी त्यांच्या वावराच्या प्रदेशात आणि नंतर २०१३ च्या कायद्याने संपूर्ण राज्यात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या बंद केल्या. ती बंदी १ जुलै २०१९ पासून पूर्णपणे अमलात आली. २०२२ मध्ये ३८ राज्यांतील १,२१० गरुडांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत जवळजवळ निम्म्या पक्ष्यांच्या हाडांत दीर्घकालीन विषबाधेइतके शिसे आढळले. डेन्मार्कने छऱ्यांतले शिसे १९९६ मध्येच काढले होते; १ एप्रिल २०२४ पासून तेथे रायफलच्या गोळ्यांतलेही शिसे बंद झाले. युरोपीय संघाने पाणथळ जागी शिशाचे छरे वापरण्यावर १५ फेब्रुवारी २०२३ पासून बंदी घातली. आपल्याकडच्या गिधाडांचा ऱ्हास झाला तो जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे, शिशाच्या गोळीमुळे नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगण्याची सवय मला चांगल्या लेखांतही दिसते, ती टाळावी.

आता तांबे. अखंड तांब्याची गोळी आदळली की तिचे नाक भोकाच्या कडेने फाटून पाकळ्यांसारखे उमलते, पण तुकडे फारसे सुटत नाहीत. वजनाचे ९५ टक्क्यांहून अधिक एकाच तुकड्यात राहते. बार्न्स या कंपनीची ‘एक्स’ गोळी १९८९ मध्ये बाजारात आली, आणि अशा गोळ्यांचे युग तेथून सुरू झाले असे मानायला हरकत नाही. लापुआची ‘नॅचरॅलिस’ तांब्याची आहे, तर हॉर्नडीची ‘जीएमएक्स’ ९५ टक्के तांबे व ५ टक्के जस्त या मिश्रधातूची होती.

परंतु शिसे काढून टाकले की त्याच्या जागी आलेला धातू आपले नखरे घेऊन येतो. शिशाचा गाभा असलेल्या गोळीची सरासरी घनता साडेदहाच्या आसपास असते आणि तांब्याची ८.९४. म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी घनफळाने सुमारे सतरा टक्के मोठी होते, आणि व्यास बंदुकीच्या नळीने बांधलेला असल्यामुळे ती सगळी वाढ लांबीत जाते. लांब गोळी हवेत स्थिर राहायला तिला अधिक वेगाने फिरवावे लागते, म्हणजे गोळीला फिरवण्यासाठी नळीच्या आत कोरलेल्या आट्यांचा पीळ अधिक घट्ट हवा. जुन्या रायफलीच्या धन्याला म्हणूनच बहुधा हलकी गोळी घ्यावी लागते. तांबे शिशापेक्षा कठीण असल्याने वेग फार कमी झाल्यावर पाकळ्या उमलत नाहीत. लांबच्या नेमाला याचा विचार करावा लागतो. नळीत घुसतानाही ते शिशासारखे दबत नाही. गोळीची सगळी बाजू नळीला घासली तर दाब वाढतो आणि आतमध्ये तांब्याचा थर साचतो. सुरुवातीच्या गोळ्यांबद्दल ही तक्रार सर्रास होती. ड्रॉइंगमधल्या चार खाचा याच कारणासाठी होत्या. आट्यांनी ढकललेला धातू त्या खाचांत शिरतो आणि घासणारी बाजू कमी होते. मुलगा त्यांना ‘ओ-रिंगच्या खाचा’ समजला होता, आणि नळाच्या स्पिंडलमध्ये आयुष्य गेलेल्या कोणाचाही तसाच समज झाला असता.

‘शिसेमुक्त’ म्हणजे किती

या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दोष गोळीत नव्हता, तर मुलाच्या त्या पहिल्या उत्तरात होता. ‘आमचा सर्व माल आरओएचएस नियमांनुसार असतो’ हे वाक्य खरे होते आणि तरीही ते या ग्राहकाला दिलेले चुकीचे आश्वासन होते.

कारखान्यात येणारी पितळ ही सहज कातली जाणारी पितळ आहे. जामनगरहून तिच्या सळया येतात. त्या बऱ्याच अंशी पितळेच्या भंगारातून ओतलेल्या असतात. त्या भंगाराला बाजारात ‘हनी’ म्हणतात. या पितळेत मुद्दाम दोन ते साडेतीन टक्के शिसे घातलेले असते. कारखान्यातल्या चालू लॉटच्या प्रमाणपत्रात ते २.९ टक्के होते. मग हा माल आरओएचएसच्या कसोटीला उतरतो कसा? उतरतो तो सवलतीमुळे. विद्युत उपकरणांतील घातक पदार्थांवर मर्यादा घालणाऱ्या त्या युरोपीय नियमात तांब्याच्या मिश्रधातूंना वजनाने चार टक्क्यांपर्यंत शिसे चालेल अशी खास सूट आहे. प्रमाणपत्रावर ‘नियमानुसार’ एवढेच छापलेले असते, सूट कोठल्या कलमातली हे कोणी वाचत नाही, आणि हळूहळू ‘नियमानुसार’ या शब्दाचा कारखान्यातला अर्थ ‘शिसेमुक्त’ असा होऊन बसतो.

अमेरिकेत पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या नळसामानात ‘शिसेमुक्त’ म्हणजे, २०१४ पासून, पाण्याला भिडणाऱ्या भागांत सरासरी ०.२५ टक्क्यांहून अधिक शिसे नसलेले. कॅलिफोर्नियात शिकारीच्या गोळीसाठी शिसेमुक्ततेची मर्यादा एक टक्का आहे. म्हणजे या कारखान्याची पितळ विजेच्या पिनेसाठी चालते, गोळीसाठी तिपटीने नापास होते आणि नळासाठी दहापटीहून अधिक. धातू एकच असून शब्दाचा अर्थ तो कोठे जाणार यावर ठरतो.

पितळेत शिसे घालतातच का, हे मुलाला शब्दांत सांगण्यापेक्षा मशीनवर दाखवणे सोपे होते. त्याच आठवड्यात एका विजेच्या कामासाठी शुद्ध तांब्याच्या काही सळया आल्या होत्या. आधी पितळेची साधी पिन लावली. हत्यार लागताच कीस ज्वारीच्या भरड्यासारखा कोरडा, तुटका होऊन ट्रेमध्ये पडू लागला. शिसे तांब्यात विरघळत नाही. ते पितळेत बारीक थेंबांच्या रूपात विखुरलेले राहते, तेथे कीस मोडतो आणि हत्यारालाही वंगण मिळते. मग त्याच मशीनवर, त्याच वेगाने तांब्याची सळई लावली. कीस मोडेना. चकचकीत लालसर फीत लांबत गेली, चकभोवती दोन वेढे पडले आणि ऑपरेटरने घाईने लाल बटण दाबले. पिनेवर हात फिरवला तर पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा खरखरीत लागत होता. पाठ्यपुस्तकात सहज कातल्या जाणाऱ्या पितळेला १०० गुण आणि शुद्ध तांब्याला २० गुण देतात, ते कशाबद्दल, हे तेथे दिसले.

अर्थात शिशाशिवायही वाटा आहेत. अर्धा टक्का टेल्युरियम घातलेले तांबे ८५ गुणांपर्यंत जाते आणि वीजवहनही फारसे गमावत नाही. सिलिकॉन घातलेली पितळ नळांच्या सामानासाठी वापरतात. पण दोन्ही महाग आहेत, आणि मुलाने मनात धरलेला दर साध्या पितळेचा होता. शुद्ध तांब्यासाठी हत्याराचा कोन, शीतकाचा दाब आणि एका नगाला लागणारा वेळ, सगळेच नव्याने मांडावे लागले असते. कायद्याचा प्रश्न उद्भवलाच नसता, तरी पहिल्या महिन्यातच हे काम तोट्यात गेले असते, असे माझे मत आहे.

कायदा

पण कायद्याचा प्रश्न होता आणि तो धातूपेक्षा फार मोठा होता. मालकांचा पहिला विचार असा होता की आपण काडतूस करत नाही, दारू भरत नाही, नुसता तांब्याचा तुकडा कातून देतो. शस्त्र अधिनियम १९५९ वाचल्यावर हा विचार टिकत नाही. त्यातील ‘दारूगोळा’ या संज्ञेच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्री या दोहोंचा समावेश आहे. कलम ५ अन्वये परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे किंवा विकणे तर नाहीच, पण विक्रीसाठी देऊ करणेही चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना उत्पादनाला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. निर्यातीसाठी वेगळी परवानगी लागते, कारण युद्धसामग्री आणि तिचे भाग निर्यात-नियंत्रणाच्या ‘स्कोमेट’ यादीच्या सहाव्या गटात येतात. मुलाने दराच्या कच्च्या कागदावर सीमाशुल्काचे शीर्षक ७४१९ टाकले होते, म्हणजे ‘तांब्याच्या इतर वस्तू’. गोळ्या आणि त्यांचे भाग ९३०६ मध्ये येतात. चुकीच्या शीर्षकाखाली पहिली पेटी बंदरावर गेली असती, तर ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ हे सांगायला फार उशीर झाला असता.

भारतात २००१ पासून खासगी उद्योगांना संरक्षण उत्पादन खुले आहे आणि परवाना घेऊन हे काम करणारे उद्योग आहेत. तो रस्ता बंद नाही. पण सुरक्षित साठवण, नोंदवह्या, तपासणी या सगळ्यासह तो अठरा माणसांच्या कारखान्याचा रस्ता नव्हे. देशात या गोळीला गिऱ्हाईकही जवळजवळ नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ ने शिकार बंद केली. पिकांची नासधूस करणाऱ्या जनावरांबाबत वनखात्याची परवानगी मिळू शकते, तेवढीच फट.

नमुना कातलेला नव्हता, ही या प्रकरणातली मोठीच सुदैवाची गोष्ट. वजन जुळले असते, तर मुलाने दुसऱ्याच दिवशी पाच नग काढून कुरिअर केले असते. असे त्याने स्वतःच कबूल केले. मात्र ‘आम्ही करू शकतो’ ही ई-मेल गेलेली होती. मालक वकिलांकडे गेले. वकिलांनी तीन ओळींचे पत्र लिहून दिले. त्यात वस्तूचे स्वरूप लक्षात आल्यामुळे आणि आमच्याकडे त्यासाठीचा परवाना नसल्यामुळे आधीचे उत्तर मागे घेत आहोत, कोणताही नमुना तयार केलेला नाही, असे स्पष्ट म्हटले होते. सर्व पत्रव्यवहार खोडून न टाकता फाइलला लावून ठेवायला सांगितले. ड्रॉइंगचे मॉडेल मशीनच्या संगणकावरून काढले.

व्यापाऱ्याचे उत्तर सभ्य होते. त्यांच्या देशात ही चारचौघांसारखी व्यापारी वस्तू आहे, तुमच्याकडे तिला एवढे निर्बंध असतील याची कल्पना नव्हती, परवानाधारक कोणी ठाऊक असल्यास कळवावे, असे त्याने लिहिले होते. त्याने मुद्दाम काही लपवले असे मला वाटत नाही. पण ज्या ड्रॉइंगमध्ये इंच-ग्रेनचे आकडे काळजीपूर्वक मेट्रिक केलेले आहेत आणि वापराचा रकानाच नाही, त्याला मी निरागसही म्हणणार नाही. मालकांनी त्या पत्राला उत्तर दिले नाही.

नंतर कारखान्यात काय बदलले

दरपत्रकाच्या नमुन्यातून ‘शिसेमुक्त’ हा शब्द काढून टाकला आहे. त्याऐवजी धातूचा दर्जा, त्या लॉटमधील शिशाची टक्केवारी आणि कोणत्या नियमातील कोणती सूट लागू आहे, हे लिहिले जाते. एका जुन्या गिऱ्हाइकाने यावर विचारले की “दादा, इतकी वर्षं तर तुम्ही लेड-फ्री म्हणत होता.” मालकांनी “म्हणत होतो, चुकत होतो” असे उत्तर दिले आणि ते गिऱ्हाईक राहिले.

सळयांच्या मांडणीत शिसेयुक्त पितळेच्या टोकांना लाल रंग लावला आहे. किसाचे डबेही वेगळे केले. हे शेवटचे काम सर्वांत कटकटीचे ठरले, कारण सिलिकॉनच्या पितळेचा कीस नेहमीच्या पितळेत मिसळला तर भंगारवाला पूर्ण डबा परत पाठवतो, आणि रात्रपाळीच्या माणसाला दोन्ही कीस पिवळेच दिसतात. यावर अजून पक्का उपाय सापडलेला नाही.

मुलाने स्वतःसाठी एक नियम केला आहे. ड्रॉइंगवर वजन दिलेले असेल तर दर काढण्याआधी तो घनफळाने भागाकार करतो आणि येणारी घनता समासात पेन्सिलीने लिहितो. मागच्या महिन्यात अहमदाबादहून ‘ब्रास स्टड’ नावाने आलेल्या एका कागदाच्या समासात ७.८५ लिहिलेले होते. त्याने ग्राहकाला फोन लावला. स्टड पोलादाचाच होता, वरून पितळेचा मुलामा द्यायचा होता. नाव टाइप करणाऱ्याने मुलाम्याचे घेतले होते.